आवाज कुठून येतोय?

२००७ ची दिवाळी होऊन चार-पाच दिवस झाले होते. मी पुण्याहून नांदेडला घरी आलेलो. रात्री तीनच्या सुमारास आईने हलवून उठवलं.

"ऊठ की रे. ऐकू यायलंय का? जमीन बोलायलीय."

बाहेरच्या माणसाला हे वाक्य विचित्र वाटेल. त्या दिवसांतल्या नांदेडकराला वाटलं नसतं. २००६ च्या अखेरीपासून शहराच्या काही वस्त्यांत जमिनीखालून आवाज यायला लागले होते. लांब कुठेतरी सुरुंग उडावा तसा धाडकन आवाज, मागोमाग भांड्यांचा खणखणाट, आणि मग गल्लीभर माणसं रस्त्यावर. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने भूकंपमापक बसवून अभ्यास केला. निघालं ते असं की हे अगदी लहान भूकंप आहेत आणि जमिनीत फार खोल नाहीत. उथळ असल्यामुळेच त्यांचा आवाज एवढा होतो. हे सगळं पेपरात छापून आलं होतं, पण पेपर वाचून झोप लागत नाही.

त्यात माझी आई लातूरकडची. माहेर औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या पट्ट्यातलं. एवढं सांगितलं की मराठवाड्यात पुढचं सांगावं लागत नाही.

मी कान दिला. आवाज येत होता खरा. घर्रर्र... असा सलग, आणि मधूनच खट्. भिंतीला हात लावला तर भिंतीत बारीक थरथर. आम्ही तिघं सतरंजी घेऊन अंगणात आलो. थंडी पडायला लागली होती. आई काही न बोलता घराकडे बघत बसली होती. दहा मिनिटं झाली असतील आणि लाईट गेली. भारनियमनाचे दिवस, त्यात नवल काही नव्हतं. नवल हे की लाईट गेली त्याच क्षणी घरातला आवाजही थांबला.

बाबा हसायला लागले. "अगं, भूकंप काय लाईटवर चालतो का?"

तर मंडळी, बोलत होती ती जमीन नव्हे, आमच्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क. तेव्हा ब्रॉडबँडच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट असे, म्हणून मीच मशीन चालू ठेवून झोपलो होतो. कॅबिनेट लोखंडी कपाटाला टेकलेलं, कपाट भिंतीला, आणि भिंतीच्या पलीकडे आईची कॉट. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली. त्यामुळे लाईट जाताच सगळं गप्प.

आई मात्र हसली नाही. उजाडेपर्यंत ती अंगणातच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी ओळखीचा एक मुलगा आला. एका दुकानात कॉम्प्युटर जोडायचं काम करायचा. त्याने कॅबिनेट उघडलं आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक हार्डडिस्कवर टेकवून मूठ कानाला लावली. गॅरेजमधले मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐकतात तसं. बराच वेळ ऐकून म्हणाला, "सर, आवाज एक नाही, दोन हायेत."

पहिला, घर्रर्र. डिस्क बसवताना चारऐवजी दोनच स्क्रू लावलेले. ती कापत होती, तिच्याबरोबर पत्रा कापत होता, पत्र्याबरोबर कपाट. त्याने राहिलेले स्क्रू लावले, सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून कॅबिनेटखाली ठेवले आणि ते कपाटापासून चार बोटं लांब सरकवलं. घर्रर्र बंद. बाबा खूश. खर्च शून्य.

"पण खट् होतंय ना, ते वेगळं. ते हार्डडिस्कच्या पोटातलं. ते काय माझ्याच्यानं दुरुस्त होत नसतंय. डेटा काढून घ्या, सर. आजच काढा."

या पोटात काय असतं ते तेव्हा मलाही धड माहीत नव्हतं. पुढे जे घडलं त्यानंतर वाचून काढलं. थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय त्या खट्चा अर्थ कळत नाही.

जगातली पहिली हार्डडिस्क आयबीएमने १९५६ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे तयार केली. रेनॉल्ड जॉन्सन नावाच्या अभियंत्याच्या देखरेखीखाली. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक, वजन टनाच्या घरात, आणि सगळी मिळून साठवण ५० लाख अक्षरांची. आजच्या मोबाईलवरचा एखादा फोटो त्यात मावणार नाही. त्या तबकड्या उघड्यावर फिरायच्या. १९७३ मध्ये आयबीएमनेच 'विंचेस्टर' नावाने ओळखली जाणारी डिस्क आणली. तिच्यात तबकडी आणि लिहिणारं-वाचणारं हेड एकाच डब्यात बंद केलेलं होतं. पुढे १९८० मध्ये सीगेटने सव्वापाच इंची, पाच एमबीची डिस्क काढली आणि हे यंत्र टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये मावायला लागलं. आमच्या घरच्या डिस्कपर्यंत साठवण ४० जीबीवर आली होती, पण मूळ कल्पना तीच. फिरणारी तबकडी, आणि तिच्यावर तरंगणारं हेड.

तरंगणारं हा शब्द महत्त्वाचा. मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणाऱ्या साडेतीन इंची डिस्कच्या तबकडीची कड ताशी सव्वाशे किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने धावते. त्या वेगाने जी हवा ओढली जाते तिच्या पातळ थरावर हेड तरंगत असतं. दोघांमधलं अंतर आपल्या केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या भागाइतकं. सिगारेटच्या धुराचा कणसुद्धा त्या फटीत मावत नाही. म्हणून तो डबा घरी उघडायचा नसतो. आणि त्या वेगात हेड एकदा तबकडीला घासलं तर तिथली अक्षरं खरवडून निघतात, ती परत येत नाहीत.

आता आवाज. जुन्या डिस्कच्या मोटारीत पोलादी छर्‍यांची बेअरिंग असत. ती झिजली की शिट्टीसारखा सूं आवाज येई. २००० नंतर तेलाच्या थरावर फिरणारी बेअरिंग सर्रास आली आणि डिस्क बऱ्याच गप्प झाल्या. वाचताना-लिहिताना येणारा बारीक कुरकुर आवाज हेडचा हात हलल्याचा, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. खट् मात्र निराळा. तबकडीवर हेडला वाट दाखवणाऱ्या खुणा आधीच लिहिलेल्या असतात. त्या खुणा सापडल्या नाहीत की हेड मागे फिरतं, पुन्हा सुरुवातीपासून शोधतं, पुन्हा मागे फिरतं. प्रत्येक फेरीला एक खट्. कधी कधी नुसता वीजपुरवठा कमी पडला तरी असं होतं. पण बहुधा त्याचा अर्थ, यंत्राला स्वतःच लिहिलेलं वाचता येईनासं झालंय.

आमच्या डिस्कवर काय होतं? गाणी, काही सिनेमे, बहिणीच्या लग्नाचे फोटो. आणि एक फाईल, जिचं नाव होतं 'गाव'.

बाबा शाळामास्तर. एमएस-सीआयटी २००१ मध्ये सुरू झाली आणि सरकारी नोकरांना ती उत्तीर्ण होणं भाग पडलं. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली असताना बाबा पोरांच्या रांगेत बसून माऊस धरायला शिकले. चिडचिड करत शिकले, पण शिकले. २००३ मध्ये घरी कॉम्प्युटर आला तेव्हा, आता याच्यावर करायचं काय, असा प्रश्न त्यांना पडला. पत्ते खेळून कंटाळल्यावर ते आईला म्हणाले, तू सांग, मी टाईप करतो. आई तिच्या माहेरची माणसं सांगायला लागली.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती बुडवून माणसं दमून झोपलेली. भूकंप ६.२ च्या आसपासचा, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम. पण माळवदाची घरं, दगड-मातीच्या रुंद भिंती आणि डोक्यावर मातीचं जड छत. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतली बावन्न गावं जमीनदोस्त झाली. गेलेल्या माणसांचे आकडे आठ हजारांपासून दहा हजारांच्या घरात वेगवेगळे सांगितले जातात. आकडे वेगवेगळे आहेत म्हणूनच बाबांना वाटलं असावं की नावं लिहून ठेवली पाहिजेत. निदान एका गावची.

एक गोष्ट मराठवाड्याबाहेर फारशी माहीत नसते. तो भूकंप न सांगता आला नव्हता. ऑगस्ट १९९२ पासून किल्लारीच्या आसपास लहान धक्के बसत होते. त्याच ऑक्टोबरच्या १८ तारखेला त्यातला मोठा बसला, भिंतींना तडे गेले. मार्च १९९३ पर्यंत शंभरावर धक्के मोजले गेले. जमिनीतून गुरगुर ऐकू येई, असं आईकडचे सगळे सांगत. लोक बाहेर झोपायचे. मग हळूहळू ते कमी झालं. लोक घरात झोपायला लागले. सप्टेंबरात तर गणपती होते.

शास्त्रज्ञांना यात दोष देता येत नाही. हा भाग तेव्हा देशातल्या सर्वांत सुरक्षित पट्ट्यात गणला जाई. २००२ च्या नकाशात तो सर्वांत सुरक्षित पट्टाच रद्द झाला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या पट्ट्यात गेला. शिवाय अशा लहान धक्क्यांच्या मालिकेनंतर मोठा भूकंप येतोच असंही नाही. नांदेडला कित्येक महिने जमीन बोलत राहिली आणि तसा मोठा भूकंप काही आला नाही. आवाज येतो तो सूचना म्हणून. तारीख तो कधीच सांगत नाही.

असो. आपल्या गोष्टीकडे येऊ. मुलगा म्हणाला होता, आजच काढा. त्या रात्री माझी पुण्याची बस होती. कॉम्प्युटरला सीडी रायटर नव्हता, पेन ड्राईव्ह मी पुण्यात विसरलेलो. आणि घर्रर्र तर थांबलाच होता. मशीन इतकं शांत चालत होतं की मला वाटलं, झालं दुरुस्त. पुढच्या वेळी येईन तेव्हा बघू. बाबांनाही तसंच सांगितलं.

'गाव' ही फाईल दोनशे-सव्वादोनशे केबीची होती. कॉम्प्युटरला फ्लॉपीची खाच होती. टेबलाच्या ड्रॉवरमध्ये बाबांच्या एमएस-सीआयटीच्या वेळच्या चार फ्लॉप्या पडून होत्या. एका फ्लॉपीत १.४४ एमबी मावतं. ती फाईल सहा वेळा मावली असती. दोन मिनिटांचं काम. हे मी आजवर किती वेळा मनात मोजलंय, सांगत नाही.

जानेवारीच्या मध्यावर बाबांचा फोन आला. "अरे, ते पुन्हा बोलायलंय." दोन महिने डिस्क गप्प होती. आता सुरू करताच खट् खट् खट्, आणि स्क्रीन काळी.

त्याच २००७ साली फेब्रुवारीत गुगलच्या तीन संशोधकांनी एक लेख प्रसिद्ध केला होता. लाखाहून जास्त हार्डडिस्कचा हिशेब. डिस्कमध्ये स्वतःची तब्येत नोंदवणारी एक सोय असते, स्मार्ट नावाची. त्यांनी पाहिलं की बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्के डिस्कनी महत्त्वाच्या चार खुणांपैकी एकही खूण आधी दाखवली नव्हती. म्हणजे निम्म्याहून जास्त न सांगता गेल्या. पण ज्यांच्यात तपासणीची पहिली चूक दिसली, त्या पुढच्या साठ दिवसांत बंद पडण्याची शक्यता बिनचुकीच्या डिस्कपेक्षा ३९ पट होती. हा लेख मी फार नंतर वाचला. साठ दिवस हा आकडा वाचून पान तसंच ठेवून उठलो.

मी आलो. कॅबिनेट उघडलं, डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली. तेव्हा मागच्या बाजूला जंपरची इवलीशी टोपी हलवून मास्टरची स्लेव्ह करावी लागे. दिसली नाही. कुणी म्हणालं पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. हा उपाय तेव्हा सगळीकडे सांगितला जाई. आत दव धरून तबकडी खराब व्हायची भीती, पण एव्हाना गमावण्यासारखं काय होतं? रात्रभर भेंडीच्या शेजारी ती डिस्क झोपली. सकाळी जोडली आणि काय सांगू, दिसली! मी आधी 'गाव' उचललं. मग लग्नाचे फोटो, जितके येतील तितके. अकरा मिनिटांनी पुन्हा खट् खट्, आणि मग ती कायमची गेली.

फाईल आली होती. नाव बरोबर, आकार बरोबर. उघडली तर आत नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. आधी वाटलं फाँटची भानगड असेल, कारण युनिकोडच्या आधीचा मराठी फाँट होता आणि तो नसला की मराठीचा असाच भुसा दिसतो. फाँट टाकला. भुसा भुसाच राहिला. पुण्या-मुंबईत धूळमुक्त खोलीत डिस्क उघडून देणारे लोक होते, पण त्यांचे दर ऐकून बाबा म्हणाले, "एवढ्यात नवा कॉम्प्युटर येतो. राहू दे."

आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "मी काय मेले का? घ्या पुन्हा लिहून."

मावशीला लातूरहून बोलावून घेतलं. दोघी कॉटवर बसल्या, बाबा कॉम्प्युटरपुढे. पहिल्या वेळी आईने आठवतील तशी नावं सांगितली होती. या वेळी मावशी म्हणाली, अशानं चुकायला होतंय, वेशीतून आत चल. मग दोघी वेशीतून आत गेल्या. डाव्या हाताला पहिलं घर कुणाचं, त्याच्या ओसरीवर कोण बसायचं, पुढे पाराला वळसा, मारुती, उजवीकडची गल्ली. कुठल्या घरात किती माणसं, त्यातली कोण गेली, कोण राहिली. एखाद्या दारापाशी दोघी थांबायच्या आणि बाबांची बोटंही थांबायची. चार दिवस हे चाललं. नवं गाव मूळ जागेपासून लांब आहे, सरळ रस्त्यांचं, आखीव. ते जुनं गाव आता त्या दोघींच्या चालण्यातच उरलं होतं.

दुसऱ्या लिखाणात दोन घरं अशी आली जी पहिल्यात राहून गेली होती. आणि एक घर, जे पहिल्यात होतं असं बाबांना पक्कं आठवत होतं, ते या वेळी दोघींनाही काही केल्या आठवेना. गल्लीच्या टोकाचं. "होतं तिथं कुणीतरी," एवढंच मावशी म्हणत राहिली. बाबांनी तिथे रिकामी ओळ सोडली.

ती ओळ माझ्या खाती आहे.

या वेळी सगळं युनिकोडमध्ये टाईप केलं. त्याच संध्याकाळी दोन सीड्या काढल्या, आणि बाबांच्या आग्रहाने छापून तीन प्रती. एक मावशीने लातूरला नेली, एक नव्या गावात आईच्या चुलतभावाकडे आहे, एक आमच्या लोखंडी कपाटात. बाबांचं म्हणणं, कागद बिघडतो तेव्हा तो दिसतो तरी. मावशी जाऊन आता काही वर्षं झाली. आज तिला वेशीतून आत चल म्हणता येणार नाही.

आता घरोघरी जे लॅपटॉप आहेत त्यांत बहुधा फिरणारी तबकडी नसतेच. त्यांची साठवण चिपवर असते, तिला बेअरिंग नाही, हेड नाही. ती आवाज करत नाही. छानच आहे, रात्री कुणाची झोपमोड होत नाही. फक्त एवढंच, की जाताना ती खट्सुद्धा म्हणत नाही. सूचना मिळेल तेव्हा बघू, असं म्हणण्याची सोय उरलेली नाही.

२१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ चा धक्का बसला, तो नांदेडलाही जाणवला. मी घाबरून फोन लावला. आई अंगणातच होती. ठीक आहे म्हणाली, भांडी वाजली, बाकी काही नाही. मग थोडं थांबून तिने विचारलं, "ते आपलं गावाचं... तुझ्याकडं हाय ना नीट?"

आहे म्हणालो. फोन ठेवला आणि उठून आधी बघितलं. होतं.